‘सूप ढवळत बसून’ म्हणणाऱ्या वाचकाला

१ जानेवारीला मी कॅरिबियनमधल्या हैती देशाच्या स्वातंत्र्यदिनावर, त्या दिवशी घरोघरी होणाऱ्या भोपळ्याच्या सुपावर आणि १९७४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधल्या हैतीच्या मान्नो सानॉनच्या गोलवर लेख लिहिला. त्यावर ‘एक जुना फुटबॉलप्रेमी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती आधी जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणणार नाही.

‘लेख गोग्गोड झालाय. १९७३ ला हैती पात्र ठरली ती त्रिनिदादचे चार गोल रद्द झाले म्हणून. ड्युव्हालिएच्या राजवटीने तो संघ स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरला, जर्मनीत एका खेळाडूला आपल्याच अधिकाऱ्यांनी मारलं, हे सगळं गाळलंत. आजच्या संघातले कितीतरी जण फ्रान्समध्ये वाढलेले. सिल्व्हिओ कॅटरला सुवर्णपदक मिळालेलं नव्हतं. परदेशात सूप ढवळत बसून गरीब देशाचं कौतुक करणं सोपं असतं, बाई. त्यांना उत्सव नको, औषधं आणि पोलीस हवेत.’

(ड्युव्हालिए म्हणजे हैतीवर एकामागोमाग हुकूमत गाजवणारे बाप-लेक.)

सर्वप्रथम, कॅटर, हैतीचे लांब उडीचे खेळाडू. त्यांना सुवर्ण मिळालं असं मी लिहिलं होतं. तुमचं बरोबर आहे, माझी चूक झाली. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लांब उडीत त्यांना रौप्य मिळालं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पॅरिसमध्ये त्यांनी ७.९३ मीटरची उडी मारून विश्वविक्रम केला. माझ्या डोक्यात विक्रम आणि पदक यांची गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. हा माणूस फुटबॉलही खेळायचा, पुढे पोर्ट-ओ-प्रिन्सचा महापौर झाला आणि राष्ट्रीय स्टेडियमला त्याचंच नाव आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार. मनापासून.

आता ‘सूप ढवळत बसून’.

तुम्ही मला ओळखत नाही. मी २०१७ पासून कोल्हापुरात राहते आणि १ जानेवारीचं सूप मी इथेच केलं, मंडईतून आणलेल्या लाल भोपळ्याचं. पण त्याआधी अकरा वर्षं आम्ही बॉस्टनजवळ होतो आणि त्यातली सहा वर्षं सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला होत्या. त्यांची शुश्रूषा करायला रोज सकाळी सातला जी बाई यायची, ती हैतीची. बॉस्टनच्या मॅटापान भागातून दोन बस बदलून यायची. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. मी तिला ताई म्हणायचे, आणि सासूबाई तिला ‘अगं पोरी’ म्हणायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि सहा वर्षांत त्यावाचून काही अडलं नाही.

ते सूप तिने मला शिकवलं. आधीच्या रात्री कांद्याची पात, पार्सली, लसूण, थाइम आणि लिंबू वाटून ठेवायचं. त्यात तिच्या घरी मांस मुरायचं, आमच्याकडे सासूबाईंसाठी बिनमांसाचं पातेलं वेगळं. भोपळा शिजवून घोटायचा, मग कोबी, गाजर, सलगम, बटाटा, शेवटी मॅकरोनी. आणि सर्वांत शेवटी एक अख्खी, टोपीसारखी गोल, जहाल मिरची देठासकट वर सोडायची. ती फुटता कामा नये. पातेलं ढवळायचं ते मिरचीला वळसा घालून, आणि दहा मिनिटांनी देठाला धरून तिला अलगद वर काढायचं. पहिल्या वर्षी माझ्या हातून ती फुटली आणि अख्खं पातेलं वाया गेलं. ताई काही बोलली नाही. पुन्हा भोपळा चिरायला बसली. तेव्हा ‘ढवळत बसणं’ म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.

ते सूप १ जानेवारीलाच का, हे लेखात लिहिलं होतं, पण तुम्ही बहुधा तिथे थांबला नाहीत. फ्रेंच मळेवाल्यांच्या घरी गुलाम ते शिजवायचे आणि त्यांना ते खायला बंदी होती, असं हैतीत पिढ्यान् पिढ्या सांगतात. १ जानेवारी १८०४ ला गोनाइव्ह शहरात बंडाचा सेनापती देसालीनने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि तेव्हापासून ते सूप सर्वांचं झालं. शेजाऱ्याकडे डबा गेल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही, ही ताईच्या घरची रीत. २०२१ मध्ये युनेस्कोने या सुपाची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली, पण ताईला त्या नोंदीची गरज नव्हती.

‘गरीब देश’ या तुमच्या शब्दांवर तर मी दोन रात्री विचार करतेय. तुमच्यासाठी तो एक सहज शब्द असेल. मला तो सहज वाटत नाही. गुलामांनी बंड करून देश जिंकला, जगात असं दुसरं उदाहरण नाही. त्याचा दंड म्हणून १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने बंदरासमोर युद्धनौका उभ्या केल्या आणि १५ कोटी फ्रँक मागितले. कशाचे? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेचे, आणि त्या मालमत्तेत हीच माणसं धरलेली. १८३८ मध्ये ती रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचा शेवटचा हिशेब मिटायला १९४७ साल उजाडलं. म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी हैती आपल्या स्वातंत्र्याची किंमत चुकवून मोकळी होत होती. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा पैसा शंभराहून जास्त वर्षं पॅरिसला जात राहिला. तेव्हा ‘गरीब’ म्हणा, पण कोणी केलं तेही त्याच वाक्यात म्हणा. ताई एक म्हण सांगायची, ‘देये मॉन गें मॉन’, डोंगरापलीकडे डोंगरच. ती म्हण ती थकल्यावर म्हणायची नाही. कामाला सुरुवात करताना म्हणायची.

आणि ‘त्यांना उत्सव नको, औषधं आणि पोलीस हवेत’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? हैतीतल्या कुणाशी तरी बोललात का? १२ जानेवारी २०१० ला संध्याकाळी पाचच्या सुमाराला भूकंप झाला, तेव्हा ताई आमच्याच स्वयंपाकघरात सासूबाईंच्या गोळ्या कुटत होती. एका हातात बत्ता, दुसऱ्या हाताने फोन. लागत नव्हता. लागत नव्हता तरी गोळ्या मधात कालवून तिने सासूबाईंना भरवल्या, तोंड पुसलं, कूस बदलून दिली आणि मग बस पकडली. आठव्या दिवशी फोन लागला. घरातलं कोण गेलं, कोण राहिलं ते इथे लिहिणार नाही. फुटबॉल संघटनेची इमारतही त्या दिवशी कोसळली आणि तिच्याखाली प्रशिक्षक, पंच, कार्यकर्ते असे कितीतरी जण गेले. पुढच्या १ जानेवारीला ताई डबा घेऊन आली. मला वाटलं होतं यंदा काही नसेल. ते मी बोलूनही दाखवलं, आणि आयुष्यात एकदाच तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. तुमची प्रतिक्रिया वाचून मला ती नजर आठवली. त्या दिवशी मी जे बोलले होते तेच तुम्ही आज लिहिलं आहे, म्हणून इतकं लिहितेय.

सानॉनचा गोलही मला तिनेच दाखवला. व्हिडिओवर नाही, जेवणाच्या टेबलावर, गोळ्यांच्या बाटल्या मांडून. १५ जून १९७४, म्युनिक, समोर इटली. गोलात डिनो झोफ, ज्याला आंतरराष्ट्रीय सामन्यांत ११४२ मिनिटं कोणी गोल मारू शकलं नव्हतं. रक्तदाबाची बाटली म्हणजे फिलिप व्होर्ब. त्याने मधल्या फळीतून चेंडू पुढे सोडला. कॅल्शियमची लहान बाटली म्हणजे मान्नो. तो इटलीच्या बचावपटूच्या पुढे निघाला, झोफ बाहेर आला, मान्नोने त्याला चकवून बाजूने चेंडू नेला आणि रिकाम्या जाळीत घातला. दुसरा हाफ सुरू होऊन जेमतेम मिनिट झालेलं. ताई तेव्हा सात वर्षांची होती. गल्लीत एकच रेडिओ आणि त्याच्याभोवती सगळी गल्ली. सामना इटलीने ३-१ असा जिंकला, पोलंडने ७-० ने धुतलं, अर्जेंटिनाने ४-१ ने. अर्जेंटिनाविरुद्धचा एकुलता गोलही मान्नोचाच. ताई हे सगळे आकडे सांगायची, लपवायची नाही. पण बाटल्या मांडायची त्या एका मिनिटासाठी.

राहता राहिला १९७३. होय, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये त्रिनिदादविरुद्ध तसं झालं आणि हैती २-१ ने जिंकली. त्यात खेळाडूंचा काय दोष? त्याच स्पर्धेत त्यांनी होंडुरासला हरवलं, ग्वाटेमालाला हरवलं, ते कुठे गेलं? राजवटीने संघ वापरला, तर कुठली राजवट वापरत नाही? त्या खेळाडूला झालेली मारहाण भयंकरच होती, पण माझा लेख सूप आणि गोल यांवरचा होता, ड्युव्हालिएंच्या गुन्ह्यांची यादी नव्हती. आणि हुकूमशाही मी लपवली म्हणता, तर ‘जो गेटजेन्स’ या फुटबॉलपटूवरचा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही की काय? पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये जन्मलेला मुलगा, १९५० मध्ये बेलो होरिझोन्तेत अमेरिकेकडून खेळताना इंग्लंडविरुद्ध एकमेव गोल मारतो, आणि १९६४ च्या जुलैमध्ये थोरल्या ड्युव्हालिएची माणसं त्याला उचलून नेतात. पुन्हा तो कुणाला दिसला नाही. हे मी लिहिलं होतं. नीट लिहिलं होतं.

खेळाडू फ्रान्समध्ये वाढलेले, याला माझं उत्तर थोडक्यात. लाखो माणसं देश सोडून गेली तर त्यांची मुलं कुठे वाढणार? कॅटर स्टेडियम २०२४ मध्ये टोळ्यांच्या हाती गेलं. ‘घरचे’ सामने घरापासून दूर कुरासाओ बेटावर खेळावे लागले. प्रशिक्षक सेबास्तियाँ मिन्ये यांना हैतीत जाताच आलं नाही. तरीही १८ नोव्हेंबर २०२५ ला विलेमस्टाडमध्ये निकाराग्वाला २-० ने हरवून, ५२ वर्षांनी, संघ वर्ल्ड कपला पात्र ठरला. आणि तारीख बघा. १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हर्तिएरला हैतीच्या स्वातंत्र्ययुद्धातली शेवटची लढाई झाली. हैतीचा सेनानी कापुआ याचा घोडा गोळी लागून पडला, टोपी उडाली, तरी तो ‘पुढे चला’ ओरडत राहिला आणि समोरच्या फ्रेंच सेनापती रोशांबोने गोळीबार थांबवून त्याला मानवंदना दिली, अशी तिथली कथा. संघाला ‘ग्रेनेडिअर’ म्हणतात ते त्या सैनिकांच्या युद्धगीतावरून. संघ पात्र ठरला त्या रात्री पोर्ट-ओ-प्रिन्सच्या रस्त्यांवर माणसं उतरली आणि नाचली. त्याच रस्त्यांवर, जिथे एरवी अंधार पडल्यावर कोणी बाहेर पडत नाही. औषधं हवीत की उत्सव, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाची परवानगी घेतली नाही.

१३ जून २०२६ ला वर्ल्ड कपमधला त्यांचा पहिला सामना बॉस्टनजवळच ठरला, स्कॉटलंडशी. मग ब्राझील, मग मोरोक्को. जून २०२५ पासून अमेरिकेने हैतीच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली आहे. खेळाडूंना सूट आहे, प्रेक्षकांना नाही. म्हणजे आधीचा व्हिसा नसलेला पोर्ट-ओ-प्रिन्समधला माणूस तिकीट असूनही जाऊ शकत नाही. तुम्हाला खरोखर हैतीचं दुःख वाटत असेल तर यावर लिहा. मी वाचेन.

फुटबॉलबद्दल एवढंच म्हणते की मी कोल्हापूरची आहे. पाटाकडील आणि बालगोपालच्या सामन्याला वडिलांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमला गेलेली. तेव्हा ‘जुना फुटबॉलप्रेमी’ या सहीने मी दबून जाईन असं वाटलं असेल तर ते राहू द्या.

ताईला काल रात्री फोन केला होता. तुमची प्रतिक्रिया तिला इंग्रजीत वाचून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, यंदा मिरची फुटली नाही ना?

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. कॅटर यांचं पदक रौप्य केलं आहे. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा ‘बाई’ नको. माझं नाव लेखाच्या वर दिलेलं आहे.