सहीला भाव, नस्ती रद्दीत

संग्राहकांच्या एका व्हॉट्सअॅप गटावर नुकताच एक कागद विक्रीला आला. 'नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची अस्सल सही, सरकारी हुकूम, अतिदुर्मीळ', एवढाच मजकूर आणि खाली पाच आकडी किंमत. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या ते हे जॅक्सन, त्यामुळे नाशिकमध्ये या नावाला भाव येणार हे उघडच आहे. गटावर दिवसभर वाद रंगला तो सही खरी की खोटी यावर. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. हा कागद कचेरीबाहेर पडला कसा, हे आधी विचारायला हवे होते आणि ते कोणीच विचारले नाही.

छायाचित्र मोठे करून पाहिले तर वरच्या डाव्या कोपऱ्यात नाडी ओवण्याचे भोक दिसत होते, त्याभोवतीचा कागद ओढल्यासारखा फाटलेला होता, आणि उजव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने ४७ हा आकडा घातलेला होता. कोणा रयतेच्या हाती दिलेल्या हुकुमावर पान क्रमांक कशाला येईल? हे नस्तीतले, म्हणजे कचेरीच्या फायलीतले पान आहे, आणि ४७ आहे म्हणजे ४६ आणि ४८ ही पानेही कधीतरी होती.

संग्राहकांनी येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. सरकारने माणसाला दिलेला कागद आणि सरकारने स्वतःजवळ ठेवलेला कागद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८६३ च्या इनामविषयक कायद्यांनंतर इनामदारांना मिळालेल्या छापील सनदा, ज्यांवर कलेक्टरची सही आणि कचेरीचा शिक्का असतो, त्या पहिल्या प्रकारच्या. त्या घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत पिढ्यानपिढ्या राहिल्या आहेत, आणि एखाद्या कुटुंबाने आपली सनद विकायची ठरवली तर त्याला चोरी म्हणता येणार नाही. उलट कचेरीत राहिलेल्या जावक प्रतीवर, म्हणजे बाहेर पाठवलेल्या कागदाच्या नकलेवर, बहुधा नुसते 'सही/-' असते, कारण सहीची मूळ प्रत पक्षकाराकडे गेलेली असते. कचेरीतल्या कागदावर साहेबाची खरी सही सापडते ती टिपणीखाली किंवा मूळ आदेशावर. म्हणजे खरी सही आणि नस्तीचा पान क्रमांक एकाच कागदावर दिसले, तर सही जितकी अस्सल, तितका तो कागद सरकारी दप्तरातला असण्याचा संशय पक्का.

सहीच्या अस्सलपणाविषयीही आपल्याकडे फार भाबडेपणा आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने निघणाऱ्या जमिनीच्या पट्ट्यांवर १८३३ नंतर त्यांच्या वतीने चिटणीस सही करू लागले, तरी त्यानंतरचा पट्टा 'अध्यक्षांच्या सहीचा' म्हणून खपवणारे भेटतात. आपल्याकडे 'पेशव्यांची सही' म्हणून जे मोडी कागद दाखवले जातात, त्यांवर पुष्कळदा कारकुनाचे अक्षर, शिक्का आणि 'लेखनसीमा' ही मजकूर संपल्याची खूण यापलीकडे काही नसते. आणि 'कलेक्टर, नाशिक' असा १८५५ चा कागद कोणी पुढे केला तर त्याला नमस्कार करून निघावे, कारण नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तोच मुळी १८६९ मध्ये. विक्रेत्याने जोडलेले खरेपणाचे प्रमाणपत्र जास्तीत जास्त सहीपुरते बोलते. कागदाच्या वाटचालीविषयी ते गप्प असते.

कायदाही माहीत असलेला बरा. १९७२ च्या पुरावशेष (म्हणजे जुन्या, मोलाच्या वस्तूंच्या) कायद्यानुसार ऐतिहासिक मोल असलेला दस्तऐवज ७५ वर्षांचा झाला की पुरावशेष ठरू शकतो, आणि तो खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. केंद्राच्या दप्तरांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, ज्यात अभिलेख परवानगीवाचून देशाबाहेर नेणे किंवा नियम सोडून नष्ट करणे यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००५ चा आहे.

यावर संग्राहकांचे नेहमीचे उत्तर असे, की आम्ही घेतले नसते तर वाळवीने खाल्ले असते. हे उत्तर मी हसण्यावारी नेणार नाही. कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. त्यांतला 'अ' कायम जपायचा आणि 'ड' वर्षभराने काढून टाकायचा, असा नियम आहे. पण वर्ग लावणाऱ्याला घाई असेल किंवा मोडी येत नसेल, तर मोलाचे कागदही रद्दीच्या गठ्ठ्यात जातात, आणि तेथून काही कागद संग्राहकांनीच वाचवले आहेत. मात्र वाचवणारा माणूस अख्खी नस्ती उचलतो. सहीच्या बाजाराला ती नको असते. त्याला सत्तेचाळिसावे पान हवे असते. रयतेचा अर्ज, तलाठ्याचा जबाब, मामलेदाराचा अहवाल यांना गिऱ्हाईक नसते. इतिहास लिहिणाऱ्याला खरे तर तेच लागतात. हुकुमात काय ठरले एवढेच कळते, पण भांडण कशाचे होते आणि कोण काय म्हणाले हे त्या बिनसहीच्या पानांवर असते. जॅक्सनच्या सहीला पाच आकडी किंमत येते असे एकदा दिसले, की दप्तरात हात पोहोचणाऱ्या माणसाला ब्लेड घेऊन बसण्याचे कारण मिळते.

म्हणून गटाच्या चालकांना मी असे सुचवले आहे, की सहीचा कोणताही सरकारी कागद विक्रीला टाकताना त्याची पाठची बाजू आणि चारही कडा दिसतील अशी छायाचित्रे द्यावीत, आणि तो कोणाकडून मिळाला हे दोन ओळींत लिहावे. पान क्रमांक किंवा आवक-जावकचा शिक्का असेल तर सौदा होण्याआधी पुराभिलेख विभागाला विचारावे. काही विक्रेते यावर नाराज आहेत, आणि जॅक्सनच्या कागदाचे नवे छायाचित्र आता कोपरे कापून टाकलेले आहे.