हतनूरवर पावसाळ्यात दिसणारी बदके परदेशी नव्हेत

‘सैबेरिया उबदार झाल्यामुळे परदेशी बदकांनी परतीचा प्रवास सोडला असून ती आता हतनूर जलाशयावर बारमाही राहतात आणि पिल्लेही काढतात,’ असा मजकूर एका छायाचित्रासह खानदेशातील व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरत आहे. त्याला अमेरिकेतील, हिवाळ्यातही जागा न सोडणाऱ्या हंसांचा दाखला जोडलेला आहे.

प्रथम छायाचित्र पाहू. पिल्लांपुढे पोहणाऱ्या बदकाची चोच काळी, तिचे टोक पिवळे आणि चोच कपाळाला भिडते तेथे दोन तांबडे ठिपके आहेत. हे आपले हळदीकुंकू बदक होय. ते येथलेच रहिवासी असून पावसाळ्यात काठचे गवत वाढले की त्यात घरटे करते. अडई आणि नाकेर हीदेखील येथेच वीण करतात. पाणी आटले की ही बदके दुसरे धरण किंवा तलाव गाठतात. हिमालयापलीकडे जाण्याचा त्यांचा शिरस्ता कधी नव्हताच, मग तो त्यांनी सोडला कसा?

खरे हिवाळी पाहुणे म्हणजे थापट्या, तलवार बदक, पट्टकदंब यांसारखे पक्षी. तापी आणि पूर्णेने आणलेल्या गाळामुळे हतनूरच्या फुगवट्यात जी उथळ, पाणवनस्पतींनी भरलेली जागा तयार झाली आहे, तेथे ते हिवाळाभर चरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निघून जातात. वैशाखात त्यांपैकी एखादा दिसलाच, तर तो बहुधा जखमी किंवा अशक्त असतो.

सैबेरियाच्या उबेचे कारण तर उलटेच लावले आहे. उत्तरेकडील पाणी गोठते आणि अन्न मिळेनासे होते, म्हणून हे पक्षी दक्षिणेला येतात. ते गोठलेच नाही तर त्यांनी इकडे यावेच कशाला? परतीची ओढ दिवस मोठा होऊ लागला की लागते, आणि पिल्लांना लागणारे किडे व हिरवा चारा उत्तरेच्या लांब दिवसांत मुबलक असतो. जळगावच्या पंचेचाळीस अंशांत त्यांना थांबवून ठेवील असे काहीच नाही.

अमेरिकेचा दाखला खोटा नाही, पण अपुरा आहे. तेथील शिकारी पाळीव कॅनडा हंस आमिष म्हणून पाण्यावर सोडत. १९३५ साली त्यावर बंदी आली आणि असे पुष्कळ हंस मोकळे झाले. नामशेष मानलेली त्यांची थोराड उपजात १९६२ साली मिनेसोटातील रॉचेस्टर येथे सापडल्यावर हंस वाढवून ठिकठिकाणी सोडण्यात आले. हंसांची पिल्ले स्थलांतराचा मार्ग आईबापांबरोबर उडून शिकतात. येथे आईबापच कोठे गेले नव्हते. त्यामुळे आज तेथे बारमाही राहणारे बरेचसे हंस या सोडलेल्या पक्ष्यांचे वंशज आहेत.

तापमानवाढीचा परिणाम युरोपात मात्र खरोखर दिसतो. फिनलंड-स्वीडनकडील पाणी उशिरा गोठत असल्याने काही जातींची बदके आता उत्तरेतच हिवाळा काढू लागली आहेत. मध्य आशियातील बदकांनी तोच मार्ग धरला, तर त्याचा पुरावा जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत हतनूरवरचे थवे रोडावण्यातून मिळेल, पावसाळ्यातल्या पिल्लांच्या छायाचित्रातून नव्हे.