अंजनाचा खांब हवाय? मग घाई करा

घर बांधताय ना? मग ओसरीत एक तरी खांब अंजनाच्या झाडाचा हवा. साग काय, कोणीही लावतो भो! अंजनाचं वजनच वेगळं. लाकूड वाळलं तरी पाण्यात टाकल्यावर तळाला जातं. गाडीच्या चाकाचा तुंबा, नांगर, धाब्याच्या म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घराचे खांब, सगळीकडे आपल्या आजोबांनी तेच वापरलं. आता आजोबा नाहीत आणि अंजनही फारसा दिसत नाही, पण म्हणून हौस का मारायची?

सुरुवात घरापासून करा. गावातलं जुनं धाबं आधी पाडा. त्यातले अंजनाचे खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला न मोजता उक्त्यात देऊन टाका, उगाच अडगळ नको. मग नवीन खांबासाठी सातपुड्याकडे बघा.

झाड निवडताना दया-माया नको. वाकडं, पोकळ, किडकं झाड राहू द्या. सर्वांत सरळ, जाड आणि जुनं असेल तेच धरा. बी त्याचंच चांगलं असतं म्हणे, पण बी घेऊन आपल्याला काय करायचंय? शेंगा चैत्र-वैशाखात पिकतात आणि वाऱ्यावर उडतात. तेव्हा फाल्गुनातच काम उरकलेलं बरं. तसाही अंजन दरवर्षी भरपूर बी धरत नाही. एखादं चांगलं वर्ष चुकवलं की पुढची काही वर्षं निश्चिंत.

तरी एखादं रोप उगवलंच तर घाबरू नका. हे झाड मोठं चिवट. वर बोटभर दिसतं आणि खाली मुरमात मूळ सोडत बसतं. वर्षानुवर्षं त्याचं हेच चालतं. त्या काळात तिथे शेळ्या सोडा. पाला चांगला, गुरंही आवडीने खातात. फांद्या थोड्या थोड्या छाटून चारा घ्यावा आणि झाड राखावं, असं जुनी माणसं सांगतील. त्यांना वेळ होता, आपल्याला वास्तुशांतीचा मुहूर्त गाठायचाय. शेळ्यांतूनही एखादं रोप वाचलंच तर वैशाखात गवताला काडी लावा. गवत चांगलं फुटतं, असं सांगायला मोकळे.

झाड तुमच्याच बांधावर असेल तर थोडी कटकट आहे. झाडतोडीचा कायदा 1964 पासून आहे आणि मालकीच्या झाडालाही परवानगी मागावी लागते. मागू नका. बुंध्याची साल गोल काढा, खोडात हिंग भरा आणि वाट बघा. हिंगाने झाड मरतं की नाही देव जाणे, पण साल काढल्यावर मरतंच. मग ते ‘वाळलेलं झाड’ होतं आणि तुम्ही बिचारे शेतकरी.

वनखात्याची माणसं भेटली तर कूप, बीजवृक्ष, तोडलेल्या कुपात चराईबंदी असलं काहीबाही सांगतील. म्हणजे जंगलाचे तुकडे पाडायचे, पाळीपाळीने तोडायचे, बियांसाठी चांगली झाडं मागे ठेवायची आणि पुन्हा त्याच तुकड्यात यायला काही वर्षं थांबायचं. कपाशीला चार महिने थांबताना जीव वरखाली होतो आपला!

आणि एक करा, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाड्याला मुळीच जाऊ नका. तिथल्या लोकांनी 1990 च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला आणि 1,000 एकरांहून जास्त जंगल राखलं. त्यापायी या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. असली गावं पाहून आलेला माणूस पुन्हा कुऱ्हाडीला नीट धार लावत नाही.

एवढं करूनही अंजन मिळाला नाही, तर हायवेवर कुठल्याही ‘अस्सल खान्देशी’ हॉटेलात जा. शेवभाजी मागवा. दारातल्या पॉलिश केलेल्या खांबावर टिचकी मारा आणि खालच्या बाजूला नीट बघा. आजीने दरवर्षी पोळ्याला ओढलेल्या गेरूच्या रेघा खाचांतून अजून गेलेल्या नसतील. मालकाला भाव विचारा. तुम्ही उक्त्यात दिलेला खांब तो घनफुटावर देईल.