उठून चालू लागणारी माणसं

परवा मामाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. विमानाच्या दारात व्हीलचेअरची ही लांब रांग आणि खाली मजकूर, 'परदेशातून बसून येतात, भारताची हवा लागली की चालू लागतात!' त्याखाली सोळा हसरे चेहरे. त्यातला एक आईचा. मामाला माझं माहीत नाही, आईला माहीत आहे.

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, आहे. यंदा नऊ वर्षं झाली. शरीर आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचता पोचता गळून जातो. वरून काहीच दिसत नाही. मी चांगली ताठ चालते, साधारण ३०० मीटर. मग डावं पाऊल उचलेनासं होतं, बूट फरशीला घासायला लागतो. दहा मिनिटं बसले की पुन्हा ताठ. या आजारात डॉक्टर ज्या पट्टीने माणूस मोजतात, ती ईडीएसएस ० ते १० अशी आहे आणि तिचे मधले टप्पे चक्क मीटरवर ठरतात. न थांबता, आधाराशिवाय ५०० मीटर गेलात तर ४, ३०० गेलात तर साडेचार, २०० ला ५. तेव्हा 'चालता येतं ना?' हा प्रश्नच अर्धा आहे. मामा, विमानापासून बाहेरच्या दारापर्यंत किती अंतर असतं, कधी मोजलंयस?

लबाडी होते, मान्य. रांग चुकवायला काही जण बसतात. भाषा येत नाही, एकटीने प्रवास करायचा, म्हणून मुलांनी व्हीलचेअर लिहून दिलेल्या आज्याही असतात, आणि त्यांना मी लबाड म्हणणार नाही. पण २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई विमानतळावर ८० वर्षांचे एक गृहस्थ, बायकोला व्हीलचेअर मिळाली पण स्वतःला नाही म्हणून, तिच्याबरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले, त्यातच गेले. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. ती बातमी मीच ग्रुपवर टाकली होती. एकाने हात जोडले, बाकी सामसूम.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अपंगत्वाच्या खोट्या प्रमाणपत्रांवरून रान उठलं, तेव्हाही मामाचा सूर हाच. 'धडधाकट लोक आरक्षण खातात.' २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत एमएसचं नाव आहे, हे खरं. पण त्याच कायद्यातलं सरकारी नोकऱ्यांचं ४ टक्के आरक्षण ज्या गटांना आहे, त्यांत एमएस नाही. मी भारतात राहिले असते तरी मामाचं काही खाल्लं नसतं.

इथे जर्मनीत मला कुणी उभं करून, चालवून पाहिलं नाही. न्यूरोलॉजिस्टचे कागद फेरझॉर्गुंग्सआम्टला, म्हणजे अपंगत्व ठरवणाऱ्या सरकारी कचेरीला, गेले, ५० चा ग्राड, म्हणजे अपंगत्वाची श्रेणी, मिळाला, कार्ड पोस्टाने आलं. वर्षाला पाच दिवस सुट्टी जास्त. जुडग्यात अपंगांसाठीची सार्वजनिक स्वच्छतागृहं उघडणारी युरो-किल्ली आहे, कारण या आजारात मूत्राशय पुढच्या स्टेशनपर्यंत थांबत नाही. इतकं सगळं मिळाल्यावर तिकडच्या वादांवर नाक मुरडणं सोपं जातं आणि मी ते मनसोक्त करते. आमच्या स्टेशनची लिफ्ट सात आठवडे बंद आहे, हे अर्थातच मी ग्रुपवर लिहिलेलं नाही.

आणखीही काही लिहिलेलं नाही. कार्ड आल्यावर पहिलं दीड वर्ष मी ऑफिसात कळवलंच नाही. कायद्याने सांगायची सक्ती नाही, पण न सांगता जादा सुट्टीही मिळत नाही. ती मी बुडू दिली. कुणी संशय घेईल म्हणून नाही. सगळे फार समजूतदारपणे वागतील, याची धास्ती होती. आणि माझी घडीची काठी. चालायला ती आठवड्यातून दोनदा लागत असेल. एरवी ट्रॅममध्ये राखीव जागेवर बसताना मांडीवर आडवी ठेवायला लागते. कुणी विचारत नाही म्हणते खरी, पण कुणी विचारायच्या आधीच उत्तर हातात धरून बसते.

गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. मे टाळायला हवा, हे कळत होतं. अंग तापलं की माझी नजर अंधुक होते, साध्या गरम पाण्याच्या आंघोळीनेही. पण सगळे मेमध्येच जमतात. निघताना व्हीलचेअर सांगितली होती. ढकलणारा मुलगा बडबड्या होता, वेळ बरा गेला. काचेचं दार दिसलं, पलीकडे हात हलवणारी आमची मंडळी दिसली. मी त्याला थांबवलं, उतरले, काठी दुमडून बॅगेत कोंबली.

"मॅडम, गाडीपर्यंत सोडतो की. ड्युटीच आहे माझी."

नको म्हटलं. दारापर्यंत चाळीसेक पावलं असतील. मी ती छान टाकली, अगदी व्हिडिओतल्यासारखी. मामाच पुढे झाला, हातातली बॅग घेतली, मला खालून वर न्याहाळलं.

"तिकडची हवा मानवलीय हो तुला," म्हणाला.