नासा, संस्कृत आणि जेरार ह्युए

घरच्या व्हॉट्सॲप गटावर अधूनमधून तो मजकूर येतोच: संगणकासाठी जगातली सर्वांत योग्य भाषा संस्कृत, असं नासानं सिद्ध केलंय. मग आमचा पुरोगामी मावसभाऊ हसण्याचे चार चेहरे टाकतो, काका चिडतात, कुणीतरी सुप्रभातचं फूल पाठवून विषय दाबतं. मी पॅरिसच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. इथून जवळच रोकांकूर नावाचं गाव आहे. तिथल्या इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेतल्या एका गणितज्ञानं संस्कृत खरोखरच संगणकाला शिकवायला घेतली आणि त्यात वर्षानुवर्षं घालवली. त्याचं नाव जेरार ह्युए. भांडणारे काकाही त्याला ओळखत नाहीत आणि हसणारा भाऊही.

आधी नासाचं उरकून टाकू. १९८५ साली रिक ब्रिग्ज या नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधकानं 'एआय मॅगझिन'मध्ये एक लेख लिहिला. संस्कृतचे वैयाकरण आणि नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, वाक्याचा अर्थ ज्या काटेकोर पद्धतीनं उलगडून सांगत, ती पद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञान मांडायच्या रीतीशी जुळते, हा त्यातला मुद्दा. संस्कृतात प्रोग्राम लिहा, असं त्यात कुठे नव्हतं. एका माणसाच्या लेखाचं आपण एका संस्थेचं प्रमाणपत्र करून टाकलं.

ह्युए यांचा जन्म १९४७ सालचा, बूर्ज या मध्य फ्रान्समधल्या गावचा. त्यांची पहिली डॉक्टरेट अमेरिकेतली, दुसरी पॅरिसची. विषय तर्कशास्त्र: गणिताच्या सिद्धता यंत्राकडून कशा करून घ्यायच्या. तर्काच्या वरच्या पातळीवर एका प्रकारची समीकरणं असतात. ती सुटतात की नाही हे प्रत्येक वेळी हमखास सांगेल असा प्रोग्राम असूच शकत नाही, हे त्यांनी १९७३ मध्ये दाखवलं. एखादा इथेच थांबला असता. दोन वर्षांनी यांनीच अशी रीत प्रसिद्ध केली, की उत्तर असेल तर ती ते शोधून काढते. नसेल तर कदाचित शोधतच बसते. हमी नाही, पण काम चालतं. मला या माणसाचा स्वभाव इथेच दिसतो.

ऐंशीच्या दशकात त्यांनी तिएरी कोकाँ या विद्यार्थ्याबरोबर एक नवी तर्कप्रणाली मांडली. तिच्यातून 'कॉक' हे सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर निघालं; हल्ली त्याचं नाव 'रॉक' आहे. कुठलाही नकाशा, शेजारच्या प्रदेशांना एकच रंग न देता, चार रंगांत रंगवता येतो, या चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता २००५ च्या सुमारास याच्याच मदतीनं यंत्राकडून पूर्ण तपासून झाली. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा २०१३ चा सॉफ्टवेअर पुरस्कार कॉकच्या ज्या चमूला मिळाला, त्यात ह्युए होतेच. कॅमल ही प्रोग्रामिंगची भाषाही त्यांच्याच गटातली. एवढ्यावर कुणीही सुखानं निवृत्त होईल.

पण नव्वदच्या दशकात, पन्नाशीकडे झुकलेले असताना, त्यांनी स्वतःपुरता संस्कृत शब्दांचा संग्रह करायला घेतला. त्याचा संस्कृत-फ्रेंच कोश झाला, कोशाला रूपं चालवणारा प्रोग्राम जोडला गेला, आणि मग गाडी अडली ती संधीपाशी: शेजारचे शब्द जोडले जाताना बदलतात, ते पुन्हा सुटे कसे करायचे? 'श्वेतो धावति' हे व्याकरणाच्या परंपरेतलं जुनं उदाहरण घ्या. पांढरा धावतोय, हा एक अर्थ. श्वा इतः धावति, म्हणजे कुत्रा इथून पळतोय, हा दुसरा. दोन शब्दांची ही कथा, तर चार ओळींच्या समासात काय होत असेल! लांब वाक्य यंत्राला दिलं तर तोडण्याचे हजारो मार्ग निघतात. संस्कृत संगणकाला सोपी नाही. चांगलीच अवघड आहे, आणि ह्युएंसारख्याला तिच्यात रस वाटण्याचं एक कारण तेच असणार.

इथेही त्यांनी १९७५ चीच चाल खेळली. एकच बरोबर उत्तर देण्याचा आव न आणता सगळ्या शक्यता एका तक्त्यात मांडायच्या आणि वाचणाऱ्या पंडिताला निवडू द्यायचं. पवन गोयल या संगणकशास्त्रज्ञाबरोबर केलेलं हे काम आज संकेतस्थळावर कुणालाही फुकट वापरता येतं. हैदराबाद विद्यापीठातल्या अंबा कुलकर्णी यांच्याबरोबरही त्यांनी बरंच काम केलं. संगणकीय संस्कृतचं पहिलं आंतरराष्ट्रीय चर्चासत्र २००७ मध्ये रोकांकूरला भरलं, पाचवं २०१३ च्या जानेवारीत आपल्या पवईला, आयआयटीत. आमच्या गटावर त्याची बातमी कधी आली नाही. तिच्यात ना गौरव होता, ना टिंगल करण्याजोगं काही.

माझा राग दोन्ही बाजूंवर आहे, काकांवर जरा कमी. त्यांना निदान पाणिनी महत्त्वाचा वाटतो, वाचला नसला तरी. भाऊ मात्र अफवेबरोबर पाणिनीचा व्याकरणग्रंथ, अष्टाध्यायीही केराच्या टोपलीत टाकतो आणि त्याला वैज्ञानिक दृष्टी म्हणतो.

फ्रान्सचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्स या नामांकित संस्थेत १८१४ मध्येच संस्कृतचं अध्यासन स्थापन झालं हे खरं, पण माझ्या इथल्या सहकाऱ्यांना संस्कृत आणि योगासनं यांत फारसा फरक माहीत नाही. ह्युए हा इथलाही नियम नव्हे, अपवादच. आणि चिकाटी आपल्याकडे नाही असंही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा ऐतिहासिक कोश १९४८ पासून चालू आहे, पहिला खंड १९७६ ला निघाला, आणि गाडी अजून 'अ'वर आहे. लोक यावर विनोद करतात. मला तो विनोद वाटत नाही. शब्दाचा पहिला वापर शोधायला ग्रंथच्या ग्रंथ धुंडाळणाऱ्यांना वेळ लागणारच.

फरक दुसरीकडे आहे. ह्युएंना पगार देणारी संस्था संगणकाची होती, आणि तिच्याच आवारात संस्कृतचं चर्चासत्र भरलं. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला तेव्हा गटावर फटाके फुटले. मी त्या आठवड्यात एक जुना मराठी शब्द शोधत होतो आणि तो नेहमीप्रमाणे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहिला, कारण मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश तिथे नीट चाळता येतात. ज्ञानेश्वरीतल्या शब्दांची रूपं उलगडणारा प्रोग्राम लिहावा, असं उद्या पुण्यातल्या संगणकशास्त्राच्या एखाद्या पन्नाशीच्या प्राध्यापकाला वाटलं, तर मराठी विभाग त्याला आपला मानणार नाही आणि संगणक विभाग विचारेल, हे पदोन्नतीच्या अर्जात कुठल्या रकान्यात लिहिणार?