जिभेच्या व्यायामांवर आलेल्या एका परखड कमेंटला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची कमेंट मी दोनदा वाचली, आणि खाली चार ओळीत उत्तर देण्यासारखी नाहीये म्हणून वेगळी पोस्टच लिहितेय. मागच्या वेळी मी मायोफंक्शनल थेरपीवर लिहिलं होतं, म्हणजे जीभ, ओठ आणि गालांच्या स्नायूंना नीट सवय लावायची थेरपी. तुमचं म्हणणं असं की हे नवीन फॅड आहे, दात आणि जबडा आईवडिलांकडून येतो तिथे जीभ काय करणार, तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाने दोन महिने रोज सलग वीस मिनिटं व्यायाम केले आणि काडीचा फरक पडला नाही, अजून तोंड उघडं टाकूनच झोपतो. आणि तुम्ही स्वतः सीपॅप, म्हणजे झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन, लावता, त्यामुळे "सीपॅपपासून सुटका" हे शीर्षक बघून तुम्हाला संताप आला.

संतापापासून सुरू करते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ते शीर्षक मी द्यायला नको होतं, काल बदललंय. कोणी ते वाचून मशीन कपाटात ठेवून दिलं असतं तर ती जबाबदारी माझी होती. घोरणं कमी झालं म्हणजे श्वास थांबायचा थांबला असं नसतं, शेजारी झोपणाऱ्याला आवाज येत नाही पण ऑक्सिजन खाली जात असतो, त्यामुळे मशीन कमी करायचं की बंद करायचं हे पुन्हा स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) करून डॉक्टरच ठरवणार. कृपा करून तुमचं मशीन चालू ठेवा.

पण "काहीच पुरावा नाही" हे मला मान्य नाही. ब्राझीलमध्ये २००९ साली मध्यम स्वरूपाचा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, असलेल्या ३१ मोठ्या माणसांवर अभ्यास झाला, अर्ध्यांना जीभ आणि घशाचे व्यायाम, बाकीच्यांना नुसतं दीर्घ श्वसन, तीन महिने. व्यायाम करणाऱ्यांचा एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो तो आकडा, साधारण २२ वरून १४ च्या आत आला. २०१५ मध्ये असे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा मोठ्यांमध्ये एएचआय सरासरी निम्म्यावर आलेला दिसला. आता हेच आकडे दुसऱ्या बाजूने बघा. १४ म्हणजे आजार गेला असं नाही, पाचाच्या वर ॲप्नियाच धरतात. आणि २०२० च्या कॉक्रेन रिव्ह्यूने (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ९ अभ्यास आणि ३४७ लोक तपासून सांगितलं की फायदा दिसतोय पण पुरावा कच्चा आहे. म्हणून मी आता एवढंच म्हणते की मूळ उपचाराच्या जोडीला हे उपयोगी पडू शकतं. पहिल्या पोस्टमध्ये हे असं लिहायला हवं होतं.

फॅडचं म्हणाल तर आल्फ्रेड रॉजर्स नावाच्या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टने चेहऱ्याच्या स्नायूंच्या व्यायामांवर १९१८ मध्येच लिहिलंय. फॅड आहे ते सोशल मीडियावरचं म्युइंग, जीभ टाळूला दाबून मोठ्या माणसाचा जबडा कोरीव होतो वगैरे. वाढ पूर्ण झालेलं हाड जिभेने सरकत नाही, मी तसं कोणालाच सांगत नाही.

दातांचं मात्र जरा सविस्तर सांगते. अनुवंशिकता असतेच, पण दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात, बाहेरून ओठ-गाल आणि आतून जीभ यांच्यामध्ये ते उभे असतात. आता सगळ्यांना वाटतं की गिळताना जीभ दातांवर आपटते आणि दात पुढे येतात. विल्यम प्रॉफिट या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टने यावर फार महत्त्वाचा मुद्दा मांडला, की दात हलवायला जोर किती यापेक्षा तो किती वेळ राहतो हे जास्त मोजतं. एकदा गिळायला जेमतेम सेकंद लागतो, दिवसभराचं सगळं गिळणं एकत्र केलं तरी काही मिनिटांतच संपतं, पण उरलेला सगळा वेळ जीभ कुठेतरी पडून असते की नाही? ती पुढच्या दातांच्या फटीत पडून राहिली तर हलकीशी का होईना, तासन्‌तास तिथेच असते. म्हणून ओपन बाइटच्या, म्हणजे तोंड मिटलं तरी वरचे-खालचे पुढचे दात टेकत नाहीत अशा, केसेसमध्ये ब्रेसेस काढल्यावर फट परत उघडायची भीती असते. २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासात ब्रेसेससोबत ही थेरपी झालेल्यांची फट सरासरी ०.५ मिलिमीटर परत उघडली, थेरपी न झालेल्यांची ३.४ मिलिमीटर. दात ब्रेसेसनेच सरळ होतात, ते श्रेय मी घेत नाही, पण सरळ झालेले दात जागेवर राहायला जीभही जागेवर राहावी लागते.

ती जागा कुठली ते आत्ता बघा. "न" म्हणा आणि तिथेच थांबा, अक्षर सोडू नका. वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे, जिथे टाळूच्या वळ्या लागतात, तिथे शेंडा टेकलाय ना? "ण" म्हटलात तर तो मागे जातो, ते नको. शेंडा "न" वर, बाकीची जीभ अलगद टाळूला, ओठ मिटलेले, दात एकमेकांवर दाबलेले नाहीत, आणि श्वास नाकाने. सगळे व्यायाम हे न आठवता आपोआप व्हावं म्हणून असतात. जीभ बळकट करणं हा त्यातला एक भाग झाला, खरं काम सवयीचं आहे, आणि सलग वीस मिनिटं घाम गाळून सवय लागत नाही, पाच-पाच मिनिटं तीनदा आणि मधे दिवसभर आठवण, असं करावं लागतं.

आता तुमच्या मुलाकडे येते, मला खरं तर यावरच बोलायचं होतं. तुमच्या कमेंटमध्ये व्यायाम आहेत, मिनिटं आहेत, पण नाक कुठेच नाहीये. कोणी तपासलं का हो त्याचं नाक?

माझ्याकडे मूल पहिल्यांदा येतं तेव्हा जिभेला मी हातच लावत नाही. एक घोट पाणी तोंडात धरायला सांगते, गिळायचं नाही, ओठ मिटलेले, आणि घड्याळ बघते. नाक मोकळं असेल तर मूल दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे बघत आरामात बसतं. नाक बंद असेल तर वीस-पंचवीस सेकंदांत खांदे वर जायला लागतात, डोळे मोठे होतात, हनुवटीची कातडी आक्रसते आणि पाणी फसकन बाहेर. अशा मुलाला "ओठ मिटून ठेव बाळा" म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं आहे. तो ऐकत नाही ते आळसाने नाही, त्याला हवा हवी असते. मोठे झालेले ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी), टॉन्सिल, ॲलर्जीने सुजलेलं नाक यातलं काहीही असू शकतं, आणि त्यावर जिभेचा एकही व्यायाम चालत नाही. आधी ईएनटी, मग मी. तो अडथळा दूर झाल्यावरही बरीच मुलं सवयीने तोंड उघडंच ठेवतात, तिथून थेरपीचं काम सुरू होतं.

तुमच्या मुलाला ज्यांनी नाक न बघता व्यायामाचा कागद हातात दिला त्यांचं चुकलं असं मी स्पष्ट म्हणेन, आणि तो दोन महिने रोज बसला याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आज रात्री तो गाढ झोपला की दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि चेहरा दोन्ही दिसू देत, आवाजासकट. श्वास मधेच थांबतो का, मान मागे टाकून झोपतो का, खूप घाम येतो का, अंथरूण ओलं होतं का, सकाळी चिडचिड करतो का, हे लिहून ठेवा आणि व्हिडिओसकट ईएनटीला दाखवा. गरज वाटली तर तेच स्लीप स्टडी सांगतील. तोंडाला पट्टी लावायचे व्हिडिओ फिरताहेत ते त्याच्यावर अजिबात करू नका. व्यायामही तोवर बंद ठेवा. ईएनटी काय म्हणाले ते इथेच कळवा, मग पुढचं बघू.