काका, ते ३५० रुपये व्हीएलसीचे नव्हते

नमस्कार काका. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात शनिवारची गर्दी होती, माझं बोलणं घाईघाईत झालं, हे कबूल. पण ‘फुकट मिळणाऱ्या व्हीएलसीचे ३५० रुपये उकळले, पैसे भरून अपग्रेड घेतो म्हणालो तर घेऊ दिलं नाही, नातवाचा व्हिडिओ अडकतो तो अडकतोच’ हे तुमच्या रिव्ह्यूत वाचलं आणि रात्री जेवण गेलं नाही. परवा एका ताईंनी फोन करून विचारलं, “तुम्ही फुकटातल्या सॉफ्टवेअरचेही पैसे लावता का हो?” लॅपटॉप घेऊन येते म्हणाल्या होत्या, अजून आलेल्या नाहीत. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

व्हीएलसी, म्हणजे व्हिडिओ आणि डीव्हीडी चालवायचं सॉफ्टवेअर, फुकटच आहे. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या मुलांनी सुरू केलेलं काम, २००१ पासून सगळ्यांना खुलं. त्याचा एक रुपयाही मी कुणाकडून घेतलेला नाही.

तुम्ही सहाला आलात आणि पावणेआठला गेलात. तुमच्या जुन्या, विकतच्या व्हिडिओ प्लेअरचा, नवीन आवृत्ती घ्या म्हणून पॉपअप येत होता, ‘सवलत संपायला दोन दिवस’. साडेतीन हजारांच्या आसपास किंमत. घेऊ का नको, एवढंच तुम्ही विचारलंत. मी ‘घ्या’ म्हणालो असतो तर दोन मिनिटांत मोकळा झालो असतो, आणि तुम्हीही खुशीत घरी गेला असता.

त्याऐवजी तुम्हाला नक्की काय बघायचंय ते विचारलं. तुमच्या लेकीच्या लग्नाच्या डीव्हीडी आणि जावयांनी आयफोनवर काढलेला नातवाचा व्हिडिओ. डीव्हीडी विंडोज ७ वर चालायच्या आणि १० वर चालेनात, त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ पासूनच डीव्हीडी चालवायची सोय काढून घेतली, कारण त्यासाठी लागणाऱ्या कोडेकची (डिस्कवरचा व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरची) लायसन्स फी भरावी लागते. व्हीएलसीत डीव्हीडी लगेच लागली. हळदीच्या डिस्कवर ओरखडे होते, ती पुसून, दोनदा लावून तिची कॉपी तुमच्या पेन ड्राइव्हवर घेतली. हे रिव्ह्यूत कुठेच नाही.

नवीन आवृत्तीच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय होतं? फोर-के ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची, खूप स्पष्ट चित्राची डिस्क. तुमच्याकडे ब्लू-रेचा ड्राइव्हच नाही, साधा डीव्हीडीचा आहे. (ज्यांच्याकडे आहे तेही फसतात. त्या डिस्कसाठी इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एक खास सुरक्षा-सोय लागते, ती इंटेलने ११व्या पिढीपासून काढून टाकली. म्हणजे लॅपटॉप नवीन घेतला की डिस्क बंद.)

आता नातवाचा व्हिडिओ. तो फोर-के, एचईव्हीसी प्रकारातला, म्हणजे जागा वाचवायला घट्ट दाबून साठवलेला. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा ४थ्या पिढीचा. एचईव्हीसी उलगडायची यंत्रणा चिपमध्येच असायला लागते, ती इंटेलने ६व्या पिढीपासून नीट दिली. ती नसली की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र धक्के खात चालतं. प्लेअर बदलून चिप बदलत नाही. तुमच्यासमोर त्या अपग्रेडची ट्रायल उतरवून घेतली, त्यातच पंचवीस मिनिटं गेली, आणि त्यातही नातू तस्साच अडकला. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होतात, म्हणून कदाचित लक्षात नसेल.

माझी चूक इथे आहे. ‘हा व्हिडिओ या लॅपटॉपवर असाच चालणार’ हे मी आधीच ठणकावून सांगायला हवं होतं. आणि दुकानातला पोरगा आधी ‘हे फुकट आहे काका’ म्हणाला, मग मी ३५० सांगितले, तेव्हा तुम्हाला खटकणारच. पावती मी देत होतो, तुम्हीच ‘राहू दे’ म्हणालात. पण ३५० रुपये पावणेदोन तासांचे होते, डिस्कच्या कॉपीसकट. तुमचे साडेतीन हजार वाचले, त्यातला दहावा हिस्सा. वायरमन घरी येऊन नुसतं बघून गेला तरी आपण त्याच्या हातावर काही ठेवतो ना? ‘उकळले’ हा शब्द लागला काका. २००९ पासून हे दुकान आहे, या गल्लीत मला असं कुणी म्हटलेलं नाही.

अपग्रेड अजूनही घ्यावंसं वाटत असेल तर जरूर घ्या, पैसे तुमचे आहेत. फक्त आधी ट्रायलवर तोच व्हिडिओ पुन्हा लावून बघा. आणि जावयांना आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करायला सांगा. पुढचे व्हिडिओ साध्या प्रकारात येतील, तुमच्या लॅपटॉपला झेपतील. आत्ताचा मी लहान करून देतो, त्याचे पैसे नकोत.

तपासणीच्या दराचा बोर्ड लावायचा विचार आहे, बघू या आठवड्यात जमतं का. पोराला समज दिली आहे.

आणि हो, हळदीची मूळ डिस्क घाईत आमच्याच ड्राइव्हमध्ये राहिली. पाकिटात घालून गल्ल्याच्या कप्प्यात ठेवलीय. सोमवारी दुकान बंद असतं, एरवी रात्री नऊपर्यंत मी इथेच आहे.